चावरी घोडी

घोड्याची भीती म्हणजे लाथेची भीती, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. घोड्याच्या मागून आणि साहेबाच्या पुढून जाऊ नये, हे वडीलधाऱ्यांनी आपणां सर्वांस लहानपणीच शिकविलेले असते. परंतु घोड्याला पुढच्या बाजूने तोंड असते, त्या तोंडात वरती सहा व खालती सहा असे भक्कम दात असतात, आणि मनात आले म्हणजे तो त्यांचा उपयोग गवताखेरीज अन्य वस्तूंवरही करतो, हे मात्र कोणी सांगत नाही. आम्हांसही वयाची पासष्ट वर्षे उलटेपर्यंत ते ठाऊक नव्हते. ते ज्ञान आमच्या घरात कसे आले, त्यासाठी कोणास काय किंमत द्यावी लागली, आणि त्यात आमचा स्वतःचा वाटा किती होता, हे वाचकांस सांगावे म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचे घर कापूरहोळास आहे. पुण्याहून साताऱ्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यास जेथे उजव्या हातास भोरची वाट फुटते आणि डाव्या हातास नारायणपूर-सासवडचा रस्ता निघतो, ते हे गाव. १६५७ साली पुरंदरावर संभाजीराजांचा जन्म झाला, तेव्हा त्यांस दूध पाजण्यास गेलेली धाराऊ याच गावची, हा गावाचा जुना अभिमान. आमचे आजोबा भोर संस्थानच्या नोकरीत होते. वसुलीच्या कामासाठी त्यांस खेडोपाडी हिंडावे लागे आणि त्या काळच्या रीतीप्रमाणे त्यांच्या बुडाखाली एक तट्टू असे. १९४८ साली संस्थान विलीन झाले. तट्टू त्याच्याही आधी गेले होते. मागे राहिले ते फक्त त्याचे खोगीर. पडवीतल्या खुंटीवर ते आमच्या लहानपणापासून टांगलेले होते. दर दसऱ्यास त्यास हळदकुंकू वाहिले जाई. आम्ही भावंडे मुले असताना त्यावर बसून दिल्लीपर्यंतच्या सर्व स्वाऱ्या करून आलो होतो.

घरात आज अकरा माणसे आहेत. थोरले बंधू, ज्यांस सगळे दादा म्हणतात ते, आमच्या वहिनी, त्यांचा मुलगा व सून, आमचे कुटुंब, आमची विधवा वडील भगिनी, जिला मुले आत्या म्हणतात ती, आणि नातवंडे. पुतण्याने काही वर्षांपूर्वी पुण्यातील नोकरी सोडून घरच्या शेतीत लक्ष घातले. मुलांचे डोळे दिवसभर मोबाइलला चिकटलेले असतात, त्यांस जिवंत जनावराची सोबत हवी, असे त्याच्या मनाने घेतले. २०२२ सालच्या पावसाळ्याच्या तोंडी एका थंड हवेच्या ठिकाणी प्रवाशांस फिरविणाऱ्या माणसाकडून त्याने एक घोडी विकत आणली. रंगाने कुमाईत, कपाळावर चांदणी, वय सातएक वर्षांचे, बांधा ठेंगणा पण छातीने भरदार. भीमथडीचे रक्त आहे, असे विकणाराने सांगितले. भीमेच्या काठच्या या तट्टांचा लौकिक मराठ्यांच्या इतिहासापासून चालत आलेला आहे. २०२३ साली राज्यगीत म्हणून मान्य झालेल्या गीतातही त्यांचे नाव येते. आणि अलीकडे कर्नाल येथील राष्ट्रीय संस्थेने भीमथडी ही घोड्यांची स्वतंत्र जात म्हणून नोंदलीही आहे. आमच्या घोडीचे कूळ सिद्ध करण्यास आमच्यापाशी काही कागद नव्हता, परंतु दादांस ते ऐकून फार बरे वाटले. मुलांनी तिचे नाव बिजली ठेवले.

आता घोडी घरात आली म्हटल्यावर खुंटीवरच्या खोगिराकडे सर्वांचे लक्ष जाणे स्वाभाविक होते. पुतण्या म्हणत होता की, नवे जीन करून घेऊ. ‘आजोबांचे खोगीर घरात असताना बाजारचे कशास?’ हे वाक्य ज्याने उच्चारले तो इसम म्हणजे प्रस्तुत लेखक होय. आम्ही ते खाली उतरविले, उन्हात वाळविले, तेलपाणी केले, तंगाचा जीर्ण पट्टा बदलून घेतला, आणि मोठ्या थाटाने बिजलीच्या पाठीवर चढविले. घरातल्या सर्वांनी टाळ्या वाजविल्या. दादांच्या डोळ्यांत पाणी आले. घोडीने त्या वेळी फक्त शेपूट आपटली. ती माशी वारीत असेल असे आम्हांस वाटले.

मोकळी असताना बिजली म्हणजे गाय. मुले तिच्या पोटाखालून इकडून तिकडे जात. मात्र खोगीर दिसले की तिची मुद्रा पालटे. कान मागे मानेला चिकटत, नाकपुड्यांशी सुरकुत्या पडत, ओठ आवळला जाई. आणि तंग ओढू लागताच मान विजेसारखी वळून दात येत. नाव आम्ही ठेवले होते खरे, पण ते असे सार्थ होईल याची कल्पना नव्हती! प्रथम पुतण्याच्या सदऱ्याची बाही गेली. मग त्याच्या दंडावर काळानिळा डाग उठला. खरारा करतानाही ती कधी कधी तोंड टाकू लागली. तिला ही खोडच आहे, असे आम्ही आपसांत म्हणू लागलो. एकदा खोड हे नाव दिले म्हणजे पुढे विचार करण्याचे श्रम वाचतात.

२०२३ सालच्या दिवाळीनंतर, कार्तिकात, व्हायचे ते झाले. आमची नऊ वर्षांची नात बापाच्या शेजारी उभी राहून मोठ्या हौसेने रिकीब धरीत होती. बापाने तंग आवळला. बिजलीने मान फिरविली, पण या खेपेस वाटेत बाप नव्हता, लेक होती. घोड्याचा दात कुत्र्याच्या सुळ्यासारखा टोचत नाही, तो अडकित्त्यासारखा चेपतो. पोरीचा दंड दोन बोटे सुजला आणि एके ठिकाणी कातडे फुटून रक्त आले. सुनेने प्रसंगावधान राखून वाहत्या पाण्याखाली साबणाने पाव तास जखम धुतली. डॉक्टरांनी तेच प्रथम विचारले आणि तेवढ्यासाठी तिला शाबासकी दिली. घोड्याच्या लिदीत आणि तबेल्याच्या मातीत धनुर्वाताचे जंतू असतात, म्हणून त्यांनी ती लस टोचली. आणि घोडा हेही रक्त-लाळेचेच जनावर, त्यासही पिसाळलेले कुत्रे चावू शकते, म्हणून त्या रोगावरच्या लशींचा क्रमही सुरू केला. घोडा चावला तर हळद दाबून घरी बसू नये, एवढे तरी या लेखातून वाचकांनी ध्यानात ठेवावे.

पोर रात्री झोपेत दचकून उठत होती. ती जखमेची गोष्ट सांगत नव्हती. ‘बिजली माझ्यावर का रागावली?’ एवढेच पुन:पुन्हा विचारीत होती. त्या प्रश्नाने आमचे माथे भडकले. आम्ही चौतीस वर्षे शिक्षकाचा धंदा केला आहे, आणि छडीवरचा आमचा विश्वास काळाबरोबर जितका कमी व्हावयास हवा होता तितका झालेला नव्हता. दवाखान्यातून परतल्यावर, म्हणजे घटनेला दोन तास लोटल्यावर, आम्ही वेताची छडी घेऊन ठाणापाशी गेलो. बिजली शांतपणे उभी होती. आम्हांस पाहून तिने कान पुढे केले, कारण संध्याकाळचे गवत बहुधा आम्हीच टाकीत असू. आम्ही तिच्या मानेवर आणि तोंडावर चार छड्या ओढल्या.

हे लिहिताना लाज वाटते. परंतु ते गाळले तर बाकीचे सांगण्यात अर्थ नाही. जनावराच्या बुद्धीला कृत्य आणि फळ यांचा सांधा केवळ काही क्षणांपुरताच जोडता येतो. दोन तासांनंतर मिळालेली शिक्षा ही त्याच्या लेखी शिक्षा नव्हेच. ती फक्त आपल्या माणसाने विनाकारण केलेली मारहाण. परिणाम दुसऱ्याच दिवशी दिसला. आम्ही गवताची पेंढी घेऊन गेलो तरी ती मान उंच फेकून मागे सरे. चावण्याची खोड होती तशीच राहिली आणि तिच्या जोडीला भीती मात्र आम्ही स्वहस्ते लावून दिली.

मग घरात पंचायत बसली. वहिनींचे म्हणणे, घोडी विकून टाकावी. लग्नाच्या वरातीस घोडे पुरविणारा एक माणूस तयारही होता, आणि पुढच्या रविवारी पाहण्यास येणार होता. पुतण्याने खालच्या आवाजात विचारले की, ती चावते हे त्यास सांगावयाचे की नाही? सांगितले तर तो निम्मी किंमत देईल. न सांगितले तर उद्या एखाद्या नवऱ्या मुलाचा किंवा करवलीचा हात तिच्या तोंडात जाईल. बराच वेळ कोणी बोलले नाही. शेवटी दादा म्हणाले, ‘ऐब झाकून जनावर विकणे आपल्या घरात झालेले नाही.’ एवढे बोलून ते उठून गेले. सांगून विकावयाची, असे ठरले. आणि सांगून विकलेल्या चावऱ्या घोडीचे पुढे काय होते, तिच्या तोंडाला काय बांधतात, हे सर्वांस ठाऊक असल्यामुळे त्या रात्री जेवणे मुकाट्याने झाली.

दिवाळी झाली की बारामती-फलटणकडील धनगरांचे वाडे मेंढरे घेऊन आमच्या वाटेने भोरवरून वरंध घाटाने कोकणात उतरतात. त्यांचे बिऱ्हाड तट्टांच्या पाठीवर असते, आणि ती तट्टे लादण्याचे व हाकण्याचे काम बहुतकरून बायकांकडे असते. त्या आठवड्यात असाच एक वाडा आमच्या शेतात दोन रात्री बसला होता. त्यातली एक वृद्ध बाई पाणी मागण्यास आली. ठाणाशी पुतण्या घोडीस खोगीर घालण्याची खटपट करीत होता. तो तमाशा पाहत ती उभी राहिली. मग तांब्या खाली ठेवून आम्हांस म्हणाली, ‘अण्णा, किती दिस झालं हिला असं?’

आम्ही म्हटले, ‘आली तेव्हापासूनच. चावरी आहे.’

‘चावरी न्हाई. सांगतीया ती, तुमास्नी ऐकाया येत न्हाई.’

तिने खोगीर काढावयास लावले. घोडीच्या खांद्याशी, तोंड शेपटीकडे करून उभी राहिली, आणि मानेच्या उंचवट्यामागे पाठीच्या दोन्ही अंगांस बोटांनी हलकेच दाबीत गेली. एका जागी बोटे टेकताच बिजलीची पाठ पाण्यात दगड पडावा तशी खाली गेली आणि कान मागे वळले. बाईने आमचा हात धरून त्याच जागेवर ठेवला. तेथे ऊब होती. मग तिने खोगीर उलटे करून आतून चाचपले. अस्तराखाली भरतीच्या गाठी झाल्या होत्या, लिंबाएवढ्या. ‘दुसऱ्याच्या पाठीचं हाय ह्ये,’ ती म्हणाली. ‘तुमची पायताणं माज्या पायात घातली तर मी चालंन का? आन् हिला सकाळपास्नं काय घातलंय खायाला?’

काहीच घातलेले नव्हते. भरल्या पोटी घोड्यावर बसू नये असे कोठेतरी ऐकून आम्ही तिला पहाटे फिरवून आणल्यावर मगच वैरण टाकीत होतो. रात्रीचे गवत नऊच्या सुमारास संपे. म्हणजे दहा-अकरा तासांचा कडकडीत उपवास! मराठीत ‘घोडे पेंड खाते’ म्हणजे काम नेमके कोठे अडते ते. आमचे घोडे पेंड खात नव्हते, म्हणूनच अडले होते.

रविवारी वरातीच्या माणसास दादांनी नको म्हणून कळविले. सोमवारी पशुवैद्य आले. त्यांनी पाठ पाहिली, तोंड उघडून दाढा पाहिल्या, तंग जेथे बसतो तेथे बरगड्यांच्या खाली हात फिरविला. त्यांनी जे समजावून सांगितले ते थोडक्यात असे. घोड्याची जठराग्नी आपल्यासारखी जेवणापुरती पेटत नाही. त्याच्या जठरात आम्ल रात्रंदिवस पाझरतच असते. निसर्गाने त्यास दिवसातील पंधरा-सोळा तास चरत राहण्यासाठी घडविले आहे. चावताना लाळ सुटते, ती आम्ल मारते. आणि गवताचा थर आम्लावर तरंगत राहतो. जठराच्या वरच्या भागाला आम्लापासून रक्षण करणारे आवरण नसते. रिकाम्या पोटी जनावर पळविले की आम्ल हिंदकळून त्या नाजूक भागास लागते आणि तेथे व्रण पडतात. अशा पोटावर कोणी पट्टा आवळला तर घोडा काय करील? त्यास वाचा नाही, हात नाहीत. तो प्रथम कान मागे करतो, मग शेपूट आपटतो, मग पाय बदलतो. आणि या तिन्ही अर्जांची दाद लागली नाही म्हणजे दात दाखवितो. आमच्या घोडीने हे तिन्ही अर्ज दीड वर्षभर रोज दिले होते.

आतून नळी घालून जठर पाहण्याची सोय येथे नव्हती. तेव्हा लक्षणांवरून निदान धरून त्यांनी माणसांसही देतात ते ओमेप्राझोल घोड्याच्या मात्रेत अठ्ठावीस दिवस देण्यास सांगितले. वरच्या दाढांच्या बाहेरच्या आणि खालच्या दाढांच्या आतल्या कडा धारदार झाल्या होत्या, त्या कानशीने घासून काढल्या. पाठीवर महिनाभर काहीही चढवावयाचे नाही, गवत रात्रंदिवस समोर असावे, आणि हरभऱ्या-हुलग्यांची चंदी निम्म्यावर आणावी, असा पथ्याचा तपशील त्यांनी लिहून दिला. वहिनींनी तो देवघराशेजारी, आत्याच्या औषधांच्या वेळापत्रकाखाली चिकटविला.

या अवकाशात आम्ही थोडे वाचनही केले. घोड्याच्या खोडी हा विषय काही नवा नाही. विराटाच्या पदरी ग्रंथिक या नावाने राहिलेल्या नकुलाने आपली ओळख देताना, दुष्ट घोड्यांस वळण लावण्याची विद्या आपणांस येते असे सांगितले होते. आणि त्याच दमात त्याने त्यांच्या चिकित्सेचेही नाव घेतले होते. वळण आणि चिकित्सा ही त्याने एकाच शास्त्राची दोन अंगे मानली, हे आम्ही लहानपणापासून महाभारत वाचीत असूनही कधी ध्यानात घेतले नव्हते. ग्रीस देशातील झेनोफन या सेनानीने सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी घोड्यांवर एक छोटा ग्रंथ लिहिला. लगामाशिवाय घोडा नेताना मोतद्दाराने त्यास मुसके घालावे, कारण मुसक्याने श्वास अडत नाही पण चावणे अडते, हा अगदी व्यवहाराचा सल्ला त्यात आहे. घोड्याशी रागाच्या भरात कधीही वागू नये, रागाला पुढचे दिसत नाही, हा उपदेशही त्यात आहे. तो वाचून आम्ही पुस्तक काही वेळ मिटून ठेवले.

सगळेच चावणे दुखण्याचे नसते, हेही येथे सांगितले पाहिजे. शिंगरू खेळात चावते. दोन घोडे समोरासमोर उभे राहून एकमेकांची मान व खांदा दातांनी खाजवितात. तो त्यांचा लोभ. म्हणून खरारा खांद्याशी आला की घोडा उलटून आपणांसही खाजवू पाहतो, आणि आपल्या कातड्यास ते सोसत नाही. तिसरा प्रकार लाडाचा: तळहातावरून गूळ-साखर चारण्याची सवय लावली म्हणजे हात हाच खाऊ आहे असे घोड्यास वाटू लागते, आणि रिकामा हात आला की तो रागावतो. आमच्या मुलांनी हीही सवय बिजलीस लावली होती. तेव्हापासून खाऊ टोपल्यातूनच द्यावयाचा, हातावरून नाही, असा नियम झाला.

महिना संपला. पाठीवरची ऊब गेली, दाबले तरी पाठ खाली जाईना. परंतु दुखणे गेले म्हणून दुखण्याची आठवण जात नाही. नुसती घोंगडी दुरून दाखविली तरी तिचे कान मागे जात. तेव्हा पुतण्याने सगळी इयत्ता बिगरीपासून आरंभिली. आधी दोन-चार घास गवत खाऊ द्यावयाचे. मग घोंगडी हुंगावयास द्यावयाची, पाठीवर ठेवावयाची, लगेच काढावयाची. कान पुढे आले की थांबावयाचे आणि तेथेच शाबासकी द्यावयाची. त्याने पुण्यास जाऊन तिच्या मापाचे नवे जीन करून आणले होते. ते चढविण्याचा दिवस माघात उजाडला. तंग एकदम न ओढता तीन वेळा ओढावयाचा असा नेम ठरला: प्रथम जीन घसरणार नाही इतपतच सैल, मग दहा-वीस पावले चालवून एक भोक, आणि बसण्यापूर्वी आणखी एक. प्रत्येक वेळी तिने श्वास सोडेपर्यंत थांबावयाचे. बागडोर आखूड धरावयाची, खांद्याला लागून उभे राहावयाचे, आणि आपले कोपर तिच्या तोंडाच्या वाटेवर असू द्यावयाचे. वळलीच तर तिचे तिलाच ते लागते, आणि मारणारा कोणी दिसत नाही. पहिले पंधरा दिवस मुसकेही होते. ते शिक्षा म्हणून नव्हते. आमच्या मनातील भीती जावी म्हणून होते, कारण भ्यालेला हात झटका देतो आणि झटक्याने घोडी भिते.

आमची गोष्ट निराळी होती. आमच्या हातून तिने गवत घ्यावे म्हणून आम्हांस त्याहून अधिक दिवस लागले. रोज संध्याकाळी आम्ही रिकाम्या हातांनी जाऊन ठाणाशी बसत असू. छडी तर आम्ही चुलीत घातलीच होती. पण उंचावलेला कोणताही हात तिला छडीच दिसे. टोपी सारखी करण्यास हात वर नेला तरी ती मागे सरे. शिक्षकी पेशात ज्या मुलांवर आम्ही हात उगारला, त्यांतील किती जणांची मान आजही आम्हांस पाहून अशी मागे सरत असेल, हा विचार त्या दिवसांत पुष्कळदा मनात आला. त्यांतील कोणी हे वाचीत असल्यास त्याने हे आमचे उशिराचे म्हणणे ऐकून घ्यावे.

त्याच सुमारास घरात आणखी एक गोष्ट घडली. आमची आत्या गेले वर्षभर फार चिडचिडी झाली होती. विशेषतः सकाळी सून तिची वेणी घालावयास किंवा चोळीच्या बाहीत हात घालून द्यावयास गेली, की ती असे काही टाकून बोले की सुनेच्या डोळ्यांत पाणी यावे. म्हातारपणाचा स्वभाव, असे म्हणून आम्ही सर्वांनी तेही खोडीच्या खात्यात टाकले होते. एके दिवशी वहिनी पथ्याच्या कागदाकडे पाहत एकाएकी म्हणाल्या, ‘अहो, वन्संचा हात वर नेला की त्या चिडतात. एरवी नाही.’ आत्याला पुण्यास नेले. तिचा उजवा खांदा आखडून गेला होता. वर्षभर ते दुखणे ती सोशीत होती; विधवेने आपले दुखणे बोलून दाखवू नये, या जुन्या वळणाची ती बाई. व्यायाम आणि शेक सुरू झाले, सून आता तिची डावी बाही शेवटी व उजवी आधी घालते, आणि सकाळचे ते बोलणे पुष्कळच थांबले आहे. पुष्कळच म्हणतो, अगदी नाही. आत्याचा थोडा स्वभावही आहेच.

बिजलीचेही तसेच. ती आता मुळीच चावत नाही, असे आम्ही म्हणणार नाही. घाईने कोणी तंग ओढला, किंवा पावसाळी दिवसांत गवत ओले म्हणून तिने कमी खाल्ले, तर कान अजून मागे जातात. फरक एवढाच की, कान मागे गेले की आता कोणीतरी थांबते. आणि तेवढ्याने दातांवर पाळी येत नाही.

२०२४ सालच्या गुढीपाडव्यास दादांनी आजोबांचे खोगीर मांडीवर घेऊन त्याची एक शिवण उसवली. आतून घोड्याचे केस, जुना कापूस आणि उंदरांनी कुरतडलेल्या चिंध्या निघाल्या. खोगीरभरती हा शब्द आम्ही आयुष्यभर मुलांच्या निबंधांवर लाल शाईने लिहीत आलो. तो पदार्थ प्रत्यक्ष प्रथमच पाहिला. दादा बराच वेळ ते पाहत राहिले. मग म्हणाले, ‘आजोबांनी दर पावसाळ्यानंतर भरती बदलल्याचे मला आठवते. आपण खोगीर सांभाळले, भरती बदलायचे विसरलो.’ त्यांनी शिवण पुन्हा घातली आणि खोगीर खुंटीवर टांगले. ते आता तेथेच राहील. दसऱ्यास हळदकुंकू वाहू. पण कोणाच्या पाठीवर ते पुन्हा चढणार नाही.

नात अंगणाच्या कडेला उभी होती. पाच महिने ती ठाणाच्या पायरीखाली उतरली नव्हती आणि कोणी तिला आग्रहही केला नव्हता. त्या दिवशी तिने आम्हांस विचारले, ‘आजोबा, आज बिजलीने गवत खाल्लंय ना?’ आम्ही म्हटले, खाल्ले आहे. ‘आणि तिची पाठ?’ पाठही बरी आहे. मग तिने खरारा घेतला, आमचे बोट धरले, आणि धनगरीण उभी राहिली होती तशीच खांद्याशी, तोंड शेपटीकडे करून उभी राहिली. तिचा हात कापत होता. बिजलीने कान एकदा मागे नेले. पोर थांबली. कान पुढे आले. तेव्हा तिने खरारा टेकविला.

धनगरांचा तो वाडा परतीच्या वाटेवर पुन्हा आमच्या शेतात बसला, पण त्यात ती वृद्ध बाई नव्हती. ती दुसऱ्या वाड्याबरोबर पुढे गेल्याचे कळले. सुनेने तिच्यासाठी काढून ठेवलेले लुगडे तिच्या नातलगांपाशी दिले. निरोप काय सांगू, असे त्यांनी विचारले. आम्हांस पुष्कळ सांगावयाचे होते; पण दादाच म्हणाले, ‘घोडी विकली नाही, एवढे सांगा.’